अल्प-फॉडमॅप आहार

अल्प-फॉडमॅप आहार ही इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (आयबीएस) या विकारातील पोटदुखी, पोटफुगी व जुलाब कमी करण्यासाठीची आहारपद्धती आहे. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात ती विकसित झाली. ‘फॉडमॅप’ ही संज्ञा २००५ मध्ये पीटर गिब्सन व स्यू शेफर्ड यांनी मांडली.

लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी ही कर्बोदके पाणी ओढून घेतात व मोठ्या आतड्यात किण्वन होऊन वायू निर्माण करतात. कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध यांत ती अधिक, तर तांदळात अत्यल्प असतात. लसणातील फ्रुक्टन तेलात विरघळत नाही. त्यामुळे पाकळ्या काढून टाकलेले फोडणीचे तेल चालते.

असे पदार्थ २ ते ६ आठवडे वर्ज्य करून नंतर एकेक पुन्हा खाऊन पाहतात. बाधणारे पदार्थ ओळखणे हा याचा उद्देश असून हे कायमचे पथ्य नव्हे. दीर्घकाळ सारेच वर्ज्य केल्यास पोषण घटू शकते. म्हणून आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन आवश्यक ठरते.