शिलेदाराचं घोडं

दिवाळीत बीडला घरी गेलो होतो. पाडव्याच्या संध्याकाळी मावसभाऊ आला. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आल्या आल्या फराळाचं ताट बाजूला सारून त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर काळी कुळकुळीत, सात सीटची जर्मन एसयूव्ही. तीन लिटरचं डिझेल इंजिन, २०१४ चं मॉडेल, दिल्ली पासिंग.

"नवी घ्यायची म्हटलं तर कोटीच्या घरात जाते. हा सोळा लाखात देतोय. तू इंजिनिअर आहेस, सांग, घेऊ का?"

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पण आमच्याकडे इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर, मग फ्रीज बिघडो की बोअरची मोटर जळो! पैसे कुठले ते विचारायची गरज नव्हती. रस्त्यात गेलेल्या दीड एकराचा मोबदला आलाय, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. म्हणजे प्रश्न गाडीचा नव्हताच. जमिनीचं रूपांतर कशात करायचं, हा होता.

दादाला तेव्हा "बघून सांगतो" म्हणालो. पुण्याला येताना डोक्यात एकच विचार: आपल्या भागात लोक वाहनापायी एवढे वेडे का? उत्तर शोधत मागे गेलो, तर थेट घोड्यापाशी पोचलो.

शाळेत आपण बारगीर आणि शिलेदार पाठ केलेले असतात. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला यायचा. शिलेदाराला पगार जास्त, मान जास्त. पण घोडा पडला तर नुकसान त्याचं स्वतःचं. शिवाजी महाराजांचा भर पागेवर होता, आणि त्यामागचं एक कारण हेच सांगितलं जातं, की स्वतःचं घोडं घेऊन आलेला माणूस लढाईत आधी घोडं वाचवायला बघतो. पुढे पेशवाईत शिलेदारांचं प्रमाण वाढत गेलं.

आता आमच्या जिल्ह्याकडे या. अंबाजोगाईचं निजामाच्या काळातलं नाव मोमिनाबाद. तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. पैसा निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, आणि पद्धत मात्र आपली जुनीच, शिलेदारीची. भरती होणाऱ्याने घोड्याची आणि सामानाची किंमत भरायची. त्या जागेला म्हणायचे असामी. नोकरी सोडताना तिचे पैसे परत मिळायचे. म्हणजे घोडं ही चक्क गुंतवणूक होती.

मला सगळ्यात आवडली ती पुढची भानगड. घोडं मरणार, लंगडं होणार, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. म्हणून शिलेदारी पलटणींमध्ये दर महिन्याला प्रत्येक स्वाराच्या पगारातून थोडी रक्कम कापून एक फंड ठेवलेला असे. त्याचं नाव चंदा फंड. कुणाचं घोडं गेलं की नव्या घोड्यासाठी त्यातून मदत मिळायची. म्हणजे घोडं विकत घ्यायची ऐपत ही अर्धीच ऐपत, उरलेली अर्धी दर महिन्याला लागते, हे त्या अडाणी समजल्या जाणाऱ्या स्वारांना पक्कं कळलेलं होतं. ईएमआय कॅल्क्युलेटर घेऊन बसणाऱ्या आपल्याला ते कळतंच असं नाही.

१९०३ मध्ये हे कंटिन्जंट भारतीय सैन्यात विलीन झालं. त्याच्या घोडदळाचे वारस म्हणजे डेक्कन हॉर्स. त्यांनी १९१६ मध्ये फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडपाशी घोड्यांवरून हल्ला चढवला, आणि १९६५ मध्ये असल उत्तरला त्याच नावाची रेजिमेंट शर्मन रणगाडे घेऊन लढली. घोडं बदललं, नाव राहिलं.

आपल्याकडे घोड्याची जागा घेतली जीपने. विलिस जीप दुसऱ्या महायुद्धातली. १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्राने मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू केली. आणि गंमत बघा, स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळासुद्धा सेकंड हँड जीपचाच! १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांचा सौदा केला. सुमारे ८० लाख रुपयांचा. बरेचसे पैसे आधीच देऊन झाले, प्रत्यक्षात मद्रासला उतरल्या १५५ जीपा, आणि त्या कामाच्या नाहीत म्हणून लष्कराने नाकारल्या. संसदेत रण पेटलं, शेवटी १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं. माल न बघता पैसे मोजले की अख्खा देश फसतो, तिथे दादाचं काय घेऊन बसलात!

त्याच १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि आम्ही निजामाच्या राज्यातून मोकळे झालो. पण रेल्वे काही बीडला आली नाही. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, आणि बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला. मधली तीस वर्षं आमची रेल्वे म्हणजे एसटी आणि काळी-पिवळी. कमांडर, ट्रॅक्स, पुढे क्रूझर. नऊ माणसांच्या गाडीत अठरा, वर टपावर चार, शिवाय एखादी शेळी. ज्याच्या दारात जीप, त्याच्याकडे रात्री-अपरात्री बाळंतीण न्यायला माणसं येणार. जीपवाल्याचा मान नुसत्या श्रीमंतीचा नव्हता, तो उपयोगाचा होता.

आणि 'अपग्रेड'? तेही तेव्हाचंच. जुन्या विलिसचं पेट्रोल इंजिन परवडेना, की ते काढून डिझेल बसवायचं. कुणी महिंद्राचं ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन टाकायचं, कुणी पूजो, कुणी मॅटाडोरचं. (मॅटाडोरचं इंजिन मूळ मर्सिडीजचं, आकुर्डीच्या बजाज टेम्पोने परवान्यावर बनवलेलं. म्हणजे गावातल्या कित्येक खटारा गाड्यांच्या पोटात मर्सिडीज होती!) इंजिन जड, धक्के जास्त, गिअरबॉक्स जुनाच. मग थोड्या दिवसांनी गिअरबॉक्स, मग क्लच, मग चासीला वेल्डिंग. एक भाग ताकदवान केला की त्याच्या शेजारचा भाग तुटतो. हा धडा आमच्या मिस्त्रींना पूर्वीच मिळाला होता.

१९९४ ला सुमो आली, १९९८ ला सफारी, २००२ ला स्कॉर्पिओ, २००९ ला फॉर्च्युनर. उपयोगाच्या गाडीची हळूहळू रुबाबाची गाडी झाली. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. मागास मराठवाड्यात एवढ्या मर्सिडीज कशा, याचंच लोकांना नवल. मला त्यात 'आम्हालाही मोजा' असं म्हणणं दिसतं. दादाच्या मोबाईलमधल्या फोटोतही तेच होतं.

आता दादाच्या गाडीचं. २०१५ मध्ये हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या वयात आलेल्या गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत उतरतात. सोळा लाखांचं रहस्य हे. कागद चोख असतील तर त्यात बेकायदेशीर काही नाही, फक्त इथे एमएच-२३ पासिंग करताना कर पुन्हा भरावा लागतो, तो किमतीत धरायचा.

मी दादाला फोनवर घोडं बघायची पद्धत सांगितली. घोड्याचे दात बघतात, चालवून बघतात, खोड विचारतात. इथेही तेच. सकाळी थंड इंजिनावर जा, आधी बॉनेटला हात लावून बघ. गरम असेल तर विकणाऱ्याने मुद्दाम आधीच चालू करून ठेवलंय. हवेवरचं सस्पेन्शन असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवायला सांग आणि सकाळी एखादा कोपरा बसलाय का ते बघ. मीटर चाळीस हजार दाखवतोय आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर पेडल खरं बोलतंय. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आणि स्कॅनर लाव. एरर कोड एकही नाही, पण गाडीच्या स्वतःच्या तपासण्या 'अपूर्ण' दिसतायत, म्हणजे कुणीतरी नुकतेच लॉग डिलीट केलेत. हे मला बरोबर कळतं, कारण आमच्या धंद्यातही रिलीजच्या आदल्या रात्री लोक हेच करतात.

दादाला पुढे रीमॅपसुद्धा करायचं होतं. लॅपटॉप लावला की एका तासात चाळीस हॉर्सपॉवर जास्त, असं कुणीतरी सांगितलेलं. सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब आणि डिझेल वाढवतात, ताकद वाढते हे खरं. पण ही कंपनीची न तपासलेली फाईल थेट प्रॉडक्शनवर टाकण्यातली गत. गिअरबॉक्स, क्लच, इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा, सगळं जुन्याच हिशोबाचं. मॅटाडोरच्या इंजिनाचीच गोष्ट, फक्त पाना-हातोड्याऐवजी लॅपटॉप.

इथे मी थोडा गंभीर झालो. ३ जून २०१४ ला गोपीनाथराव मुंडे दिल्लीत गेले, त्या सकाळी मी ऑफिसात होतो, कामात लक्ष लागलं नाही. साध्या शहरी रस्त्यावर, साध्या कारच्या मागच्या सीटवर. त्यानंतर मागच्या सीटच्या पट्ट्याची देशभर चर्चा झाली आणि विरली. १४ ऑगस्ट २०२२ ला विनायक मेटे मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर गेले, ते तर दणकट एसयूव्हीत होते. एकाच जिल्ह्याने दोन नेते रस्त्यावर गमावले, आणि तरी आमच्याकडे 'गाडी मजबूत आहे' म्हणत मागचे पट्टे सीटखाली खोचून ठेवतात.

म्हणून दादाला म्हणालो, अपग्रेड करायचंच तर आधी टायर. मग ब्रेकच्या डिस्क, पॅड आणि ऑइल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, जुनं झालं की मांजरसुंब्याच्या घाटात ऐन उतारावर पेडल मऊ पडतं. सव्वादोन टनांचं धूड पळवायला कुणीही शिकवेल, थांबवायला पैसे लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चंदा फंड. गाडी सोळाची, तर निदान चार लाख वेगळे बाजूला. ते नसतील तर गाडी परवडत नाही, एवढं सरळ.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे घेऊ नको असंच ना?"

"नाही रे. शिलेदार हो, पण पूर्ण हो."

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. एका ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन तो गाडी बघायला गेला, तिथेच मुक्काम केला. सकाळी मागचा डावा कोपरा चार बोटं खाली बसलेला. विकणारा म्हणाला, जमीनच उतरती आहे! दादाने गाडी पुढे घ्यायला लावली, तरी कोपरा खालीच. तसाच परत आला.

अजून त्याने काही घेतलेलं नाही. मोबदल्यातले काही पैसे घालून बोअर मारला, पाणी लागलं. गाडीचं वेड गेलं असं मात्र समजू नका. काल रात्री पुन्हा एक फोटो आलाय. पांढरी, आठ वर्षं जुनी, एकहाती वापरलेली, एमएच-२० पासिंग. खाली एकच ओळ: "चंदा बाजूला काढून ठेवलाय. या शनिवारी येतोस का?"

निघालोय. स्कॅनर बॅगेत टाकलाय.