रझाकार (जालना परिसर)

रझाकार ही हैदराबाद संस्थानातील मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या पक्षाची स्वयंसेवी निमलष्करी संघटना होती. १९४७-४८ मध्ये भारतातील विलीनीकरणाची चळवळ आणि तेलंगणातील शेतकरी उठाव या दोहोंविरुद्ध ती उभी राहिली. ‘रझाकार’ म्हणजे स्वेच्छेने काम करणारा. मराठवाड्यात मात्र या शब्दाला दहशतीचा अर्थ चिकटला, तो आजही सुटलेला नाही. आजच्या जालना जिल्ह्याचा बहुतांश भाग त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूरचा भाग परभणी जिल्ह्यात होता.

निष्ठा आणि उद्दिष्टे

रझाकारांना सरसकट ‘निजामाचे सैन्य’ म्हटले जाते, ते अचूक नाही. संस्थानचे नियमित सैन्य जनरल एल एद्रूस यांच्या हाताखाली होते. रझाकार कासीम रझवी यांचे आदेश मानत. रझवी हे लातूरचे वकील, १९४६ पासून मजलिसचे अध्यक्ष. सातवा निजाम मीर उस्मान अली खान यांना आपले सिंहासन व सार्वभौमत्व टिकवायचे होते. मजलिसचा दावा वेगळा होता: सत्ता संस्थानातील मुस्लिम समाजाची असून निजाम हा तिचे प्रतीक आहे, असे ती मानत असे. संस्थानात सुमारे ८५ टक्के प्रजा हिंदू असल्याने जबाबदार राज्यपद्धती म्हणजे या वर्चस्वाचा शेवट, हे तिच्या नेत्यांना स्पष्ट दिसत होते. हा भेद ऑक्टोबर १९४७ मध्ये उघड झाला. दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळाला रझाकारांच्या जमावाने रोखले. पंतप्रधान छतारीचे नवाब पायउतार झाले आणि मजलिसला अनुकूल असलेले मीर लायक अली त्या पदावर आले. २९ नोव्हेंबरला भारताशी ‘जैसे थे’ करार झाला, तरी तणाव निवळला नाही.

निष्ठांची विभागणी निव्वळ धर्मावर झालेली नव्हती. दलित नेते बी. एस. व्यंकटराव लायक अलींच्या मंत्रिमंडळात होते. उलट विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची २२ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादेत हत्या झाली. तेलंगणात अनेक जमीनदार देशमुखांना कम्युनिस्टांविरुद्ध रझाकारांचाच आधार वाटे. त्याच कम्युनिस्ट पक्षावरील बंदी संस्थान सरकारने मे १९४८ मध्ये उठवली, हा या काळातील एक चमत्कारिक विरोधाभास होय.

सीमाभाग

भोकरदन व जाफराबाद हे तालुके भारतीय हद्दीतील बुलढाणा जिल्ह्याला लागून होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी संस्थानच्या सीमेपलीकडे कॅम्प उभारले. तेथून करोडगिरी नाक्यांवर हल्ले होत, आणि रझाकार व पोलीस त्याचा सूड सीमेलगतच्या गावांवर उगवत. लूट व जाळपोळीच्या भीतीने अनेक कुटुंबे हद्द ओलांडून गेली.

शेवट

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. औरंगाबादनंतर जालना ताब्यात आले व १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. रणगाड्यांपुढे रझाकारांचा टिकाव लागला नाही. त्यानंतर मराठवाड्याच्या काही भागांत सामान्य मुस्लिमांवर प्रतिहल्ले झाले. ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता तेही त्यांत बळी पडले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा आकडा किमान २७,००० ते ४०,००० असा अंदाजला. तिचा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेले.