विहिरीतलं कासव, काचेतलं कासव

एका श्रोत्याने विचारलंय, "पिवळंधमक, लाल डोळ्यांचं अल्बिनो कासव घरी पाळू का?" उत्तर देण्याआधी थोडं मागे जाऊ.

आमच्या पुलगावकडे कासव पाळायचं म्हणजे विहिरीत सोडायचं. ते किडे खातं, पाणी साफ ठेवतं, असं आबाजी सांगायचे. त्याचा रंग कोण बघतो?

दुकानातलं कासव आलं अमेरिकेतून. लुइझियानात लाल कानाच्या कासवांची शेतीच उभी राहिली आणि रुपयाएवढी पिल्लं खेळण्यासारखी विकली जायची. त्यांच्यामुळे मुलांना साल्मोनेलाची लागण व्हायला लागली, म्हणून १९७५ साली तिथे चार इंचांपेक्षा लहान कासव विकायला बंदी आली. मग माल परदेशात जायला लागला. नको झालेली कासवं लोक तळ्यात सोडायचे. शेवटी १९९७ साली युरोपियन संघाने त्यांची आयात थांबवली.

अल्बिनो हा याच धंद्यातला महागडा प्रकार. मेलॅनिन बनत नाही, म्हणून काळा रंग जातो आणि पिवळा उरतो. हा जीन आई-बाप दोघांकडून आला तरच रंग दिसतो. दोन वाहकांची जोडी लावली, तर सरासरी चारात एक पिल्लू तसं निघतं. म्हणून बरेचदा एकाच घराण्यातली कासवं पुन्हा पुन्हा जोडतात. नदीत असं पिल्लू बगळ्याला लांबून दिसतं, फार दिवस टिकत नाही.

तरी कधी एखादं वाचतं. जुलै २०२० मध्ये ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात, सुजानपूरला, पिवळं फ्लॅपशेल सापडलं. गावकऱ्यांनी ते वनखात्याकडे दिलं. बरोबरच केलं, कारण ही आपली देशी जात १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये आहे. रंग कुठलाही असो, पाळणं गुन्हाच. आबाजींच्या विहिरीतलं कासवही आज चालणार नाही.

आता माझं सांगतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी लाल कानाचं पिल्लू घेतलं. ते ताटलीएवढं झालं, तेव्हा एका सुट्टीत डब्यात घालून वर्धा नदीच्या पुलापर्यंत गेलो होतो. पाण्यात देशी कासवाची मान वर आलेली दिसली, आणि परत फिरलो. माझं कासव त्याच्या जागेवर, त्याच्या खाण्यावर हक्क सांगणार होतं.

आज ते सात वर्षांचं आहे, अजून वीसेक वर्षं सहज जगेल. दर रविवारी टाकीचं पाणी मीच बदलतो. म्हणून सांगतो, अल्बिनो घेऊ नका.

भेटू पुढच्या भागात!