जुनी व्हाइट वाइन कधी उघडायची?

‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ असं आपण नेहमी ऐकतो. पण बहुतेक ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या, व्हाइट वाइन दोन-तीन वर्षांतच संपवायच्या असतात. मुरत ठेवण्याजोग्या वाइन मोजक्याच. ऑस्ट्रेलियातल्या हंटर व्हॅलीची सेमियाँ ही त्यातली एक.

तिथे द्राक्षं लवकर तोडतात. त्यामुळे आम्लता भरपूर राहते आणि अल्कोहोल साधारण १० ते ११ टक्केच असतं. नवी असताना ही वाइन लिंबासारखी आंबट लागते. दहाएक वर्षांनी तिलाच भाजलेल्या पावाचा आणि मधाचा वास येतो. विशेष म्हणजे ती सहसा लाकडी पिंपात ठेवलेली नसते आणि चवीला गोडही नसते.

मग वेळ झाली हे कसं ओळखायचं?

रंग: सोनेरी असेल तर उत्तम. तपकिरी झाक दिसली तर सावध व्हा.

वास: मध, पाव, सुकामेवा ही मुरल्याची खूण. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आला, तर वाइनला हवा लागली आहे.

चव: नुसतं लिंबू जाणवलं तर बाकीच्या बाटल्या अजून ठेवा. आंबटपणा आणि मुरलेली चव सोबत जाणवली तर हीच वेळ. फळाची चव जाऊन कडवटपणा उरला असेल तर उशीर झाला.

चव घेताना वाइन फार थंड नको. १० ते १२ अंश पुरे, नाहीतर वास दबतो.

बाटल्या अनेक असतील तर दर दोन वर्षांनी एक उघडून बघा. एकच असेल तर थोडी लवकर उघडा. कोवळी वाइन पिता येते, उतरलेली पुन्हा चढत नाही.