चाकांवरचे घर

ग्वाल्हेरच्या ज्या भागात आमच्या पिढ्या वाढल्या, त्याचे नावच ‘लष्कर’. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी दिली आणि तंबूंच्या जागी हळूहळू वाडे उभे राहिले. आदल्याच वर्षी ही छावणी राजपुतान्यात फिरत होती. ब्रिटिश रेसिडेंटच्या संरक्षक तुकडीचा अधिकारी थॉमस ब्रॉटन तिच्यासोबत होता. त्याने तेथून लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. चुलीभांड्यांसह, बाजारबुणग्यांसह चालणाऱ्या त्या शहराचे आपण वंशज. तेव्हा घर बरोबर घेऊन हिंडणे आपल्याला नवे नाही. गरज नसताना केवळ हौसेने तसे हिंडणे मात्र नवे, आणि त्या हौसेचा इतिहास पाहू जाता तो बराचसा नवशिक्यांच्या फजितीचाच इतिहास निघतो.

डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातील माजी शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाचे फिरते घर बांधून घेतले. लांबी १८ फूट, वजन सुमारे २ टन. बरोबर गाडीवान, नोकर, कुत्रा आणि काकाकुवा! दक्षिण इंग्लंडपासून स्कॉटलंडमधील इन्व्हरनेसपर्यंत हा संसार दोन घोड्यांनी ओढला. अरुंद रस्त्यावर समोरून कोणी आले तर पंचाईत नको, म्हणून नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन वाट पाहून येई. हौस मालकाची आणि दमछाक घोड्यांची, असा तो प्रकार होता.

पुढे या हौसेची अशी लाट आली की १९०७ मध्ये इंग्लंडात ‘कॅरॅव्हॅन क्लब’ स्थापन झाला. १९०९ मध्ये एलिझाबेथ फॉन आर्निम यांनी यावर एक विनोदी कादंबरी लिहिली. तिचा नायक एक प्रशियन सरदार. स्वस्तात सहल होईल या हिशेबाने तो निघतो. पण पाऊस, चिखल आणि स्वतःच्या हाताने करावी लागणारी कामे यांनी त्याचा सारा तोरा उतरतो. आयुष्यभर आयते ताट समोर आलेल्या पुरुषांनी ही कादंबरी अवश्य वाचावी. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच एक.

मोटारी आल्या, तशी घोड्यांची सुटका झाली. माणसांची झाली नाही. १९२९ च्या सुमारास अमेरिकेतील डेट्रॉइटचे आर्थर शर्मन यांनी मोटारीमागे जोडण्याचे एक कापडी घर विकत घेतले. पाच मिनिटांत उभे राहणारे आणि पाणी आत न येऊ देणारे, अशी त्याची जाहिरात होती. पहिल्याच सहलीत वादळी पाऊस आला आणि ते उभारण्याच्या खटपटीत सारे कुटुंब ओलेचिंब झाले. निविदेतील पाच मिनिटे आणि प्रत्यक्षातील पाच मिनिटे यांतील अंतर सरकारी नोकरीत मीही पुष्कळ पाहिले. परंतु शर्मन यांनी तक्रारअर्ज केला नाही. त्यांनी सुतार गाठून पक्क्या भिंतींचे सहा फूट रुंद, नऊ फूट लांब घर बनवून घेतले. १९३० च्या डेट्रॉइट प्रदर्शनात त्यांच्या ‘कव्हर्ड वॅगन’ची ४०० डॉलरला विक्री सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत तो मोठा कारखाना झाला. नंतरच्या महामंदीत घर गमावलेल्या अनेक कुटुंबांनी असलीच खोकी कायमचा निवारा केली. मग काही गावांनी त्यांना मज्जाव करणारे नियमही केले. सहलीला आलेला पाहुणा गोड लागतो. राहू लागला की तो उपरा ठरतो. हे आपल्या वाचकांना विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

अशी जोडगाडी मागे घेणे हे तर नवशिक्याचे खरे मरण. चक्र डावीकडे वळवावे तर मागची गाडी उजवीकडे जाते. नोकरीत नवा असताना जीपला जोडलेली सामानाची ट्रॉली मी एका विश्रामगृहाच्या फाटकात अशी काही आडवी घातली की अर्धा तास कोणालाही आत-बाहेर करता येईना. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने मला खाली उतरवले आणि दोन मिनिटांत ती सरळ केली.

१९५४ च्या ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ या अमेरिकन चित्रपटात नवविवाहित जोडपे असेच घर ओढत निघते. चालत्या गाडीत स्वयंपाक करताना नायिकेची त्रेधा उडते. आठवण म्हणून ती वाटेवरचे दगड गोळा करते आणि त्यांच्या भाराने डोंगरातील घाटात जिवावर बेतण्याची वेळ येते.

मागील वर्षी आमच्या लष्करातील वाड्याची वाटणी झाली. नव्या सदनिकेत नेण्यासाठी मी पणजीचे जाते, पाटा-वरवंटा आणि वडिलांच्या कागदांच्या तीन ट्रंका काढून ठेवल्या. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, तो सिनेमा आपण दोघांनीच पाहिला होता ना?”

कागदांच्या दोन ट्रंका येथील ग्रंथालयास दिल्या, पाटा-वरवंटा भावाकडे गेला. जाते मात्र बरोबर आणले. ते तिसऱ्या मजल्यावर चढवताना दोन हमालांनी काढलेले उद्गार येथे छापण्याजोगे नाहीत.