अन्नातून पोटात जाणारं प्लास्टिक : धोका किती, काळजी काय?

प्लास्टिक कुजत नाही, त्याचे फक्त तुकडे होत जातात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. त्याहून कितीतरी बारीक, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा लहान कणांना नॅनोप्लास्टिक म्हणतात. हे डोळ्यांना दिसतच नाहीत.

अन्नात येतं कुठून?

मीठ, मासळी, बाटलीबंद पाणी यांत हे कण सापडले आहेत. ते आपल्या हातात नाही. पण काही कण आपण स्वतःच पोटात घालतो. टपरीवरच्या कागदी कपाचंच घ्या. चहा झिरपू नये म्हणून त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवून पाहिलं, तर त्यात सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरले. दिवसाला तीन कप म्हणजे ७५ हजार कण! गरम चहा, रस्सा, बिर्याणी पिशवीतून आणतो, तिथेही उष्णता आणि प्लास्टिक एकत्र येतातच.

शरीरात काय होतं?

२०२२ साली नेदरलँड्समध्ये २२ जणांचं रक्त तपासलं, त्यातल्या १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक आढळलं. २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेल्या चरबीच्या थरांची तपासणी केली. २५७ पैकी १५० रुग्णांच्या थरात प्लास्टिक होतं. पुढच्या सुमारे तीन वर्षांत या रुग्णांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका इतरांपेक्षा साडेचार पट दिसला. प्लास्टिकमुळेच हे घडलं, असं यातून सिद्ध होत नाही. म्हणून घाबरून जायचं कारण नाही, पण दुर्लक्षही परवडणारं नाही.

आपण काय करू शकतो?

- चहा स्टीलच्या, काचेच्या किंवा मातीच्या भांड्यातून प्यावा.
- पार्सल आणायला घरून डबा न्यावा.
- प्लास्टिकच्या डब्यात जेवण मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये.
- बाळाचं दूध प्लास्टिकच्या बाटलीत गरम करू नये.
- बाटलीबंद पाणी उन्हात, गाडीत ठेवू नये.
- लग्नात, दावतीत कागदी कपांऐवजी स्टीलचे पेले भाड्याने आणावेत.

सगळं प्लास्टिक घराबाहेर काढणं आपल्याला जमणार नाही. पण गरम अन्न आणि प्लास्टिक यांची गाठ पडू न देणं आजपासूनच जमू शकतं.