स्थिर विकर आणि वाहते द्रव्य : एका रासायनिक पद्धतीचा इतिहास

महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडास येते व पुढे बाणकोटच्या खाडीवाटे अरबी समुद्रास मिळते. तिच्या खोऱ्यातील महाड औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांचा मोठा भरणा आहे. अशा ठिकाणी रसायन कोणत्या रीतीने तयार करावे हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहत नाही. विक्रियेनंतर उरणारी द्रावके व क्षार कोठे जातात, हा त्याचाच उत्तरार्ध होय. विकरांच्या साह्याने अखंड प्रवाहात सेंद्रिय विक्रिया घडविण्याच्या पद्धतीचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

विकरास ‘एन्झाइम’ हे नाव विल्हेल्म क्यूने यांनी १८७६ च्या सुमारास दिले. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘किण्वातील’ असा असून, विकराची कल्पना जिवंत पेशीशी किती निगडित होती याची ती खूण आहे. १८९७ मध्ये एदुआर्द बुखनर यांनी किण्वपेशी चिरडून काढलेल्या निव्वळ रसानेही साखर आंबते असे दाखविले, आणि विकर जीवापासून वेगळे झाले.

तथापि पाण्यात विरघळलेले विकर एका बॅचला वापरले की उत्पादितापासून निराळे काढणे कठीण, म्हणून ते बहुधा वायाच जाई. १९१६ साली नेल्सन व ग्रिफिन यांना असे आढळले की, कोळशावर अधिशोषित झालेले इन्व्हर्टेज साखरेचे विघटन करण्याची शक्ती गमावीत नाही. या निरीक्षणाचे औद्योगिक मोल ध्यानी येण्यास अर्धशतक लागले. १९६९ मध्ये जपानातील तानाबे सेइयाकू या कंपनीत इचिरो चिबाता व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिनोअ‍ॅसायलेज हे विकर आधारद्रव्यावर बांधून ते स्तंभात भरले. एका टोकाने द्रावण सोडावे व दुसऱ्या टोकाने एल-अमिनो आम्लयुक्त प्रवाह घ्यावा, अशी ती योजना होती. विकर स्थिर राहिले; वाहू लागले ते द्रव्य.

महाराष्ट्रात या विषयाचा संबंध पेनिसिलिनशी येतो. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिनची बाजूची साखळी तोडली असता ६-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल मिळते व त्यापासून अर्धसंश्लेषित पेनिसिलिने बनतात. रासायनिक मार्गाने ही साखळी तोडावयाची तर उणे ४० अंशांच्या आसपासचे तापमान, फॉस्फरस पेंटाक्लोराइड व क्लोरीनयुक्त द्रावके लागत. पेनिसिलिन अ‍ॅसायलेज हे विकर तेच कार्य पाण्यात व सौम्य तापमानात करते. १९५० साली उद्घाटन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विकरवर्गाचा दीर्घकाळ अभ्यास झाला. तेथील सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले, हेप्झिबा शिवरामन आदी संशोधकांनी इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या सहकार्याने पेनिसिलिन-व्ही अ‍ॅसायलेजची स्फटिकरचना १९९९ मध्ये प्रसिद्ध केली.

परंतु याच उदाहरणात प्रवाहपद्धतीची मर्यादाही दिसून येते. साखळी तुटताच आम्ल मुक्त होते. त्यामुळे लांब स्तंभातून जाताना द्रावणाचा सामू उत्तरोत्तर घसरतो व विकराची क्रियाशक्ती मंदावते. म्हणून द्रावण आखूड स्तंभातून पुनःपुन्हा फिरवून त्याचा सामू बाहेर सुधारावा लागतो, अथवा ढवळपात्रातच स्थिर विकर वापरावे लागते. आम्ल मारण्यासाठी घातलेल्या अल्कलीपासून क्षार निर्माण होतात ते निराळेच.

तात्पर्य, विकर स्थिर केल्याने त्याचा अपव्यय टळतो आणि पाण्यात काम केल्याने घातक द्रावकांची गरज कमी होते. मात्र विक्रियेचे उपपदार्थ आपोआप नाहीसे होत नाहीत, ते वेगळे काढण्याची व्यवस्था करावीच लागते. बुखनरांनी विकराला पेशीतून मुक्त केले, चिबातांनी त्याला एका जागी बांधले. स्तंभातून बाहेर पडणाऱ्या प्रवाहात काय उरते, याचा विचार हा या इतिहासाचा पुढील टप्पा होय. महाडसारख्या नदीकाठच्या रासायनिक वसाहतीत या पद्धतीची कसोटी उत्पादनाच्या प्रमाणाइतकीच या उरलेल्या अंशावरही लागेल.